नागपूर-मुंबई: ६८३ किलोमीटर आणि वरचा सगळा वेळ

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगणाऱ्या साइट्स असतात ना, त्यातल्या बहुतेक सगळ्या मुंबई-नागपूरचं उत्तर एकच देतात. ६८३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३६९ नॉटिकल मैल, आणि खाली वेळ, साधारण एक तास वीस मिनिटं. अंतर बरोबर आहे, त्यात खोट काढायला जागा नाही, पृथ्वीच्या गोल पाठीवरून सगळ्यात जवळची रेषा मारली की तेवढंच भरतं. वेळ मात्र अगदी सरधोपट काढलेला असतो, ताशी आठशेच्या आसपास वेग धरायचा, भागाकार करायचा आणि चढायला-उतरायला म्हणून वरून अर्धा तास टाकायचा. झालं. मग ते मुंबई-नागपूर असो की टोकियो-लंडन.

माझा मामा एसटीत कंडक्टर होता, नागपूर डेपोला. तो आजही अंतर टप्प्यांत मोजतो, एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, त्यामुळे मी ६८३ म्हटलं की हा तोंडी हिशोब करून सांगणार, ‘म्हंजे एकशे चौदा टप्पे झाले ना बाप्पा.’ आणि पुढचा प्रश्न ठरलेला. ‘तुले दारातून दारात किती वेळ लागते ते सांग, इमानाचं नको सांगू.’

हा प्रश्न कुठल्याच साइटवर टाकता येत नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तेवढा एकच आहे. मी डोंबिवलीला राहतो, घर नागपुरात सक्करदऱ्याला, आणि या दोन ठिकाणांमध्ये येजा करण्यात आयुष्याचा बराच भाग गेलाय, त्यामुळे या विषयावर मला (बायकोच्या मते गरजेपेक्षा जास्त) बोलता येतं.

आधी ती रेषाच बघू, कारण ती मला फार आवडते. नकाशावर सांताक्रूझच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत दोरा ताणून धरला तर तो मालशेजच्या आसपास सह्याद्री ओलांडतो, शिर्डी आणि राहुरीच्या मधून जातो, संभाजीनगर तर जवळजवळ डोक्यावरूनच, मग मेहकरच्या थोडं वरून, कारंजा लाडच्या बाजूने, आर्वी डाव्या हाताला ठेवत नागपूर. म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, वऱ्हाड आणि मग आमचा नागपूरकडचा विदर्भ, सगळे एका दोऱ्यात ओवलेले. प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही, त्याला ठरलेले हवाई मार्ग असतात, पण फार लांबही जात नाही. जाताना उजव्या हाताची खिडकी घ्यावी असं माझं मत आहे, कारण लोणार या रेषेच्या दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असली तर दिसतं. मला दिसलं तेव्हा आधी कळलंच नाही काय आहे ते, शेतांचे चौकोन चौकोन चाललेत सगळे, पिवळे, तपकिरी, मधेच हिरवे, आणि त्यात एकदम हे एवढं गोल, कडेला झाडांची गर्द पट्टी आणि आत शेवाळी पाणी. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर वरून नखाएवढं दिसतं. शेजारच्या काकूंना दाखवायला वळलो तोवर पंखाखाली गेलं.

आता गंमत अशी की या रेषेवर विमान निघतं तेच उलट्या दिशेने. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून असतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं, त्यामुळे मुख्य धावपट्टीवरून ते पश्चिमेला, पार्ले-जुहूवरून सरळ समुद्रावर जातं. नागपूर पूर्वेला! तुम्ही खिडकीतून अरबी समुद्र बघत असता, मग ते एक मोठं वळण घेतं आणि परत मुंबई खालून जाते, की मग खरा प्रवास सुरू. येताना याच्या उलट, नागपूरहून येणारं विमान पूर्वेकडूनच येत असल्यामुळे घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून थेट धावपट्टीवर, म्हणजे निदान कागदावर तरी. कागदावर म्हणतोय कारण मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवरून ताशी जास्तीत जास्त शेहेचाळीसेक विमानं चढवा-उतरवायची. सकाळी आणि संध्याकाळी सगळ्यांनाच यायचं असतं. मग घिरट्या. पूर्वी या घिरट्या मुंबईजवळ हवेत व्हायच्या, आता बरेचदा मुंबईत जागा नाही म्हणून नागपुरातच थांबवून ठेवतात, दारं बंद, सगळे बेल्ट लावून बसलेले, आणि कॅप्टन सांगतो की मुंबईच्या एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने, आपल्याला अमुक वाजताची वेळ दिलीय. शहाणपणाचं आहे, हवेत इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबलेलं बरं. पण मागच्या सीटवरचं पोर रडत असतं तेव्हा हे शहाणपण पटत नाही.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो, दीड तास, एक पस्तीस, एक चाळीस, तो हवेतला वेळ नसतोच. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभं असताना चाकांना पुढून-मागून पाचर लावलेली असते, चॉक म्हणतात त्याला. निघताना चॉक काढला की घड्याळ सुरू आणि पोचल्यावर चॉक लावला की बंद. नागपूरला खिडकीतून हे छान बघता येतं, कारण विमानतळ छोटा आणि माणसं जवळ असतात. कानाला ते मोठे हेडफोनसारखे लावलेला एक जण वाकून ते पिवळे ठोकळे दोरीने ओढून बाहेर काढतो, हातात उंच धरून पायलटला दाखवतो की बाबा हे बघ, काढले. त्या क्षणापासून तुमचे दीड तास. त्यात प्रत्यक्ष चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ जेमतेम एक तास पाच-दहा मिनिटं. उरलेली पंचवीस-तीस मिनिटं टॅक्सीवे, रांग, आणि थोडी खास ठेवलेली गादी. हो, गादी. आपल्याकडे ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत विमान पोचलं की ते वेळेवर धरतात, आणि वेळेवर किती पोचली याचे आकडे दर महिन्याला छापून येतात, मग कुठलीही कंपनी काय करेल, वेळापत्रकातच दहा मिनिटं जास्तीची टाकेल. म्हणूनच कधी कधी उशिरा सुटलेलं विमान वेळेआधी पोचतं आणि वर टाळ्या घेऊन जातं.

याच्यात एक गोष्ट मला खरंच खटकते. इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये कॅराव्हेल नावाचं जेट आणलं, त्याचा वेग ताशी आठशेच्या घरात. आजची विमानं? आठशे तीस, साडेआठशे. साठ वर्षांत विमानाच्या वेगात म्हणण्यासारखा काही फरक पडलेला नाही, विमानं स्वस्त झाली, सुरक्षित झाली, इंधन कमी पितात, सगळं मान्य, पण ६८३ किलोमीटर कापायला तेव्हाही पाऊण-एक तास आणि आताही पाऊण-एक तास. वाढलंय ते दोन्ही टोकांचं.

बरं, जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो हे पण लोक विचारतात. वारा. हिवाळ्यात आपल्यावर वरच्या थरात जोरदार पश्चिमी वारे असतात, विमान ज्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं तिथे ताशी सत्तर-ऐंशीचा वारा सहज मिळतो. मुंबईहून नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. हिशोब करून बघितला तर एवढ्या अंतरात जाण्या-येण्यात आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो. हाच वारा लंडन किंवा न्यूयॉर्कच्या प्रवासात तासाच्या भाषेत बोलतो, आपल्याला मिनिटांवर भागतं. आणि पावसाळ्यात हे सगळं उलटं होतं, हे मला फार उशिरा कळलं. खाली नैऋत्येचा मान्सून वाहत असतो, जमिनीवर आपल्याला तोच कळतो, पण त्याच्या खूप वर, चौदा-सोळा किलोमीटरवर, दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे एक जोरदार झोत वाहतो. हा पूर्वेचा झोत जगासमोर नीट मांडला तो आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ मध्ये. विमानाच्या उंचीवर आणि नागपूरच्या अक्षांशावर त्याचा तेवढा जोर लागत नाही, पण दिशा पूर्वेचीच. म्हणजे जुलैत नागपूरहून मुंबईला येताना वारा पाठीशी. अर्थात ती दोन-चार मिनिटं जी काय वाचतात ती मुंबईचे ढग आणि रांग व्याजासकट परत घेतात.

सूर्याचं गणित याहून मजेशीर आहे. दोन्ही शहरांत सव्वासहा रेखांशांचं अंतर, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे नागपूरचा सूर्य मुंबईच्या पंचवीस मिनिटं आधी चालतो. घड्याळ एकच, पण डोक्यावरचा सूर्य वेगळा. डिसेंबरात सक्करदऱ्यात साडेपाचलाच दिवेलागणीची घाई सुरू होते आणि मी डोंबिवलीहून फोन करतो तर इथे अजून ऊन. आई म्हणते, तुमच्याकडे दिवस मोठाच असते. संध्याकाळच्या विमानाने नागपूरहून निघालं आणि खिडकी बरोबर मिळाली तर सूर्य बुडता बुडत नाही, आपण त्याच्या मागे मागे जात असतो, अर्थात त्याला गाठणं शक्य नाही, जे अंतर कापायला आपल्याला तास लागतो ते तो पंचवीस मिनिटांत कापतो. आणि मुंबई तर पूर्वी घड्याळातही वेगळी होती! भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली पण मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. त्या काळात कुणी नागपूरहून मुंबईला गेला तर त्याला उतरल्यावर घड्याळ मागे करावं लागत असणार.

त्याच काळात नागपूर विमानांच्या दृष्टीने देशाचं खरोखर केंद्र होतं, आणि ही गोष्ट आमच्या गावच्या लोकांनाही फारशी माहीत नसते याचं मला नवल वाटतं. १९४९ मध्ये, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा निघायचं आणि मध्यरात्री चारही नागपूरला, सोनेगावला एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, प्रवासी असतील त्यांचीही, आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटपाला! डाकोटाचा वेग ताशी पावणेतीनशेच्या आसपास धरला तर मुंबईहून नागपूर अडीच तास. मी जेव्हा जेव्हा सोनेगावला रात्रीच्या शेवटच्या विमानाची वाट बघत प्लास्टिकच्या कपातला महागडा चहा पीत बसतो तेव्हा मला ते चार डाकोटा आठवतात, म्हणजे मी पाहिलेले नाहीत, पण धावपट्टीच्या कडेला कंदिलाच्या आणि बॅटऱ्यांच्या उजेडात थैल्या फेकणारी माणसं डोळ्यासमोर येतात. देश नवा, विमानं युद्धातून उरलेली, आणि तरी कुणीतरी बसून विचार केला की चार टोकांना जोडायचं तर मध्यभागी भेटू.

मध्यभागीवरून झिरो माइल आलंच. सिव्हिल लाइन्सजवळचा तो खांब आणि चार घोडे. लोक त्याला भारताचं केंद्र म्हणतात, त्यावर वाद आहे, इंग्रजांच्या सर्व्हेचा तो बेंचमार्क, म्हणजे मोजणीचा ठरवलेला बिंदू, हे जास्त पटतं. पण मला त्याच्या पायथ्याशी कोरलेली अंतरं जास्त बोलकी वाटतात. हैदराबाद आहे, जबलपूर आहे, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतुल आहे. मुंबई नाही. कारण नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी, तिचं तोंड जबलपूर-रायपूरकडे, मुंबई म्हणजे तिकडे कुठेतरी, आगगाडीने जायचं गाव. १८६७ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली तेव्हा पहिल्यांदा हा धागा जोडला गेला, तोही कापसासाठी. पुढे १९५३ चा नागपूर करार, १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्र. राजधानी गेली ती ६८३ किलोमीटर पश्चिमेला, आणि बदल्यात दर हिवाळ्यात सरकारने नागपूरला येऊन एक अधिवेशन भरवायचं.

म्हणून आमच्याकडे मुंबई किती लांब हा प्रश्न भूगोलाचा कधीच नव्हता. मामाच्या पेन्शनची एक फाइल मंत्रालयात अडकली होती, त्या फाइलसाठी तो विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर ८३७ किलोमीटर करून यायचा (रेल्वे भुसावळ-अकोला-बडनेऱ्यावरून फिरून येते म्हणून एवढं), माझ्याकडे डोंबिवलीला आंघोळ करायचा आणि दुपारी चार वाजता साहेब नाहीत हे ऐकून परत. त्याच्या हिशोबाने मुंबई दोन रात्री आणि एक दिवस लांब होती. अधिवेशनाच्या दिवसांत मात्र तेच मंत्रालय विमानात बसून तासाभरात त्याच्या गावात यायचं. आणि त्या दिवसांत तुम्ही आपलं साधं तिकीट काढून दाखवा बरं, आईला बघायला जायचं म्हणून! दिवाळीत तर विचारूच नका, एरवी तीन-चार हजारांत मिळणारं तिकीट बघता बघता तिप्पट-चौपट, आणि ट्रॅव्हल्सवालेही विमानाकडे बघूनच भाव लावतात.

आता समृद्धी झालाय. नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ ला आणि इगतपुरी ते आमने हा शेवटचा तुकडा जून २०२५ ला सुरू झाला, एकूण ७०१ किलोमीटर. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत वाचला, कारण विमानाची सरळ रेषा ६८३ आणि डोंगर-नद्या ओलांडून जाणारा रस्ता ७०१, फरक अठराचा! (आमने भिवंडीजवळ आहे, विमानतळ नाही, तिथून पुढे अंधेरीला जायचं तर अजून चाळीसेक किलोमीटर आणि ठाण्याचं ट्रॅफिक, हे खरं. तरी.) पण मला तो रस्ता चालवायला आवडत नाही, सरळच सरळ, डोळे उघडे ठेवून माणूस झोपेल असा, आणि तिथले अपघात आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेत.

तर मामाचं उत्तर. डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, मेट्रो, मरोळ नाका, पुढे टर्मिनल, बॅगेसकट दोन तास धरा. सिक्युरिटी आणि गेट, दीड तास आधी पोचा म्हणतात, मी पोचतो कारण मी भित्रा आहे. तिकिटावरचे दीड तास. नागपूरला उतरल्यावर पट्ट्यावर बॅग येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, आणि सोनेगाव ते सक्करदरा ऑटोने अर्धा तास. सगळं मिळून सहा तासांच्या जवळ. त्यात हवेत एक तास पाच मिनिटं. समृद्धीने आठ-नऊ, आगगाडीने बारा-चौदा पण झोप धरून. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हंजे इमान तुमचं एक तास उडते अन् पाच तास जमिनीवर चालते. एसटी तरी सांगून चालते बा.’

आता नवी मुंबईचा विमानतळ आलाय, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. तिथून नागपूरची सरळ रेषा काढली तर ६६७ किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे हवेत सोळा किलोमीटर वाचले, मिनिटभर. पण माझ्यासाठी गणित खाली बदलतं, शिळफाटा मोकळा असेल तर डोंबिवलीहून तासाभरात तिथे पोचता येईल. शिळफाटा मोकळा असेल तर. मी बायकोला म्हटलं यंदा दिवाळीला तिथून जाऊ. ती म्हणाली आधी तिकिटाचा भाव बघ, आणि नाहीतर विदर्भचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, तो गजर लावून ठेव.